अंदाजापासून अंशांपर्यंत : भोपळ्याच्या पाईचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. मी सातवीपर्यंत शिकले, आणि सनावळ्या पाठ करता करता माझाही जीव मेटाकुटीस येत असे. पण त्या लढायांतले शिपाई जी भाकरी खात, ती कोणत्या आचेवर भाजली आणि किती वेळ भाजली, हे कोणत्याच धड्यात नव्हते. यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एखादा विषय वाचून-विचारून लिहावा असे मंडळात ठरले, तेव्हा मी मुद्दाम चुलीचाच इतिहास घेतला. तोही दूरदेशीचा, अमेरिकेतला, आणि एकाच पदार्थापुरता. तो पदार्थ म्हणजे भोपळ्याची पाई.

नावापासूनच अडचण आहे. इंग्रजीत ह्याचा उच्चार 'पाय' असा करतात. पण 'भोपळ्याचा पाय भट्टीत भाजावा' असे लिहिले तर वाचणारीला हसू आवरणार नाही. म्हणून मी आपली 'पाई' असेच लिहिते. मैदा आणि लोणी ह्यांची पारी लाटून ती पसरट ताटलीत बसवायची, तिच्यात भोपळ्याचा गर, दूध, अंडी, साखर आणि मसाला घोटून केलेले सारण ओतायचे, आणि वरून न झाकता सगळे भट्टीत भाजायचे, अशी ही पाई. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे आभार मानण्याचा सण असतो. आपल्याकडे गणपतीला जसे मोदक, तशी त्या दिवशी ही पाई.

माझी पुतणी लग्न होऊन तिकडे गेली. तिने मला ह्या पाईची कृती लिहून पाठवली. साहित्य, प्रमाण वगैरे समजले. पण भाजण्याच्या ओळीपाशी मी थांबले. भट्टी ४२५ अंशांवर ठेवून पंधरा मिनिटे भाजावे, मग आच ३५० अंशांवर आणून आणखी चाळीस ते पन्नास मिनिटे भाजावे, असे तीत होते. हे अंश फॅरनहाइटचे; त्या मापात पाणी २१२ अंशांवर उकळते. एकाच पदार्थाला दोन आचा कशाला? आणि हे आकडे ठरवले कोणी? मंडळाच्या वाचनालयातून आणि पुतणीकडून पुस्तके मागवून मी जे वाचले, ते आता सांगते.

आधी भोपळ्याविषयी. आपण ज्याला लाल भोपळा किंवा डांगर म्हणतो, ते फळ मूळचे आपले नव्हे. भोपळ्याच्या कुळाची शेती अमेरिका खंडातच सुरू झाली. मेक्सिकोमधील ओआहाका भागात एका गुहेत सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत असे शास्त्रज्ञांनी ठरवले आहे. पुढे तेथील मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावीत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे, घेवड्याने जमिनीचा कस टिके, आणि भोपळ्याच्या रुंद पानांखाली ओल राहून तण माजत नसे. ह्या तिघींना ते लोक 'तीन बहिणी' म्हणत. कोलंबसानंतर हे फळ युरोपात गेले आणि तेथून व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आपल्याकडे आले. तेव्हा आपले घारगे आणि त्यांची पाई ह्या एका अर्थी मावसबहिणीच होत. उलट, पाईत जी सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ पडते ते सारे आपल्या बाजूचे. सुंठ मलबारची, दालचिनी सिलोनची, लवंग-जायफळ त्याही पलीकडच्या मोलुक्का बेटांतले. फळ एका गोलार्धाचे आणि मसाला दुसऱ्याचा, असा हा योग आहे.

आता त्या सणाची गोष्ट. इंग्लंडहून गेलेल्या वसाहतवाल्यांनी १६२१ साली प्लिमथ येथे सुगीनंतर तीन दिवस जेवणे केली आणि वाम्पानोआग जमातीचे सुमारे नव्वद पुरुष त्यात सामील झाले, अशी हकीकत त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लो ह्याच्या पत्रात आहे. त्या पत्रात रानपाखरे आणि पाच हरणे आहेत, पाई मात्र नाही. आणि असणार कशी? पारीला लागणारा गव्हाचा मैदा नव्हता, लोणी नव्हते आणि भाजायला भट्टीही बांधलेली नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात वसाहतीतील निम्मी माणसे दगावली होती. संसार चालवणाऱ्या प्रौढ बायका चारच उरल्या होत्या. दीडशे माणसांच्या त्या जेवणाचा भार चौघींवर किती पडला असेल, हे आपल्याला सांगायला नको. ह्या सणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील मूळ रहिवाशांच्या जमिनी पुढे गेल्या आणि माणसेही गेली. म्हणून १९७० सालापासून त्यांच्यातील काही लोक त्याच दिवशी प्लिमथ येथे जमून शोकदिन पाळतात.

पाईची कल्पना आली युरोपातून. १६५१ साली फ्रान्समध्ये ला वारेन नावाच्या आचाऱ्याचे पाकशास्त्र छापले गेले, त्यात भोपळा दुधात शिजवून, गाळून, साखर-लोणी घालून पारीत भाजण्याची कृती आहे. दोनच वर्षांनी ते पुस्तक इंग्रजीत आले. पण भाजण्याविषयी त्यात एवढेच की 'भाजावे'. किती आचेवर, किती वेळ, काही नाही. ज्याला येते त्याच्यासाठीच ते पुस्तक होते.

त्या काळी भाजायचे साधन म्हणजे विटांची भट्टी. अमेरिकेतल्या जुन्या घरांत ती शेगडीच्या बाजूच्या भिंतीत घुमटासारखी बांधलेली असे. तिच्या पोटातच लाकडे पेटवून दीड-दोन तास जाळायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे, राख झाडून घ्यायची, आणि मग त्या तापल्या विटांच्या उबेवर पदार्थ भाजायचे. जाळ आत नसल्याने मध्येच आच वाढवायची सोय नव्हती. भट्टी पुरेशी तापली की नाही, हे बाई आपला हात कोपरापर्यंत आत घालून पाही आणि मनात आकडे मोजी. ठरलेल्या आकड्याच्या आत हात ओढून घ्यावा लागला तर भट्टी फार तापली. त्यापुढे मोजता आले तर अजून जाळ हवा. कोणी भट्टीच्या तळावर चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात तांबूस होते ते पाही. आपण तळणीत पिठाची गोळी सोडून पाहतो, तव्यावर पाण्याचा शिपका मारतो, तीच ही विद्या. ती आईकडून मुलीकडे हातानेच जाई.

ह्या भट्टीचा एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. निखारे काढल्यापासून तिची आच हळूहळू उतरत जाते. म्हणून बायका पदार्थांचा क्रम लावीत. ज्यांना कडक आच हवी ते आधी, मऊ आच हवी ते मागून, आणि रात्रभर मुरायचे ते सर्वांत शेवटी. आत ठेवलेल्या पाईला प्रारंभी कडक आच मिळे आणि नंतर ती आपोआप उतरे. पुतणीच्या कागदावरची '४२५ आणि मग ३५०' ही ओळ मला तेव्हा निराळीच दिसू लागली. त्या आकड्यांत विटांच्या जुन्या भट्टीचा स्वभावच उतरला आहे असे मला वाटते.

पहिले अमेरिकन पाकशास्त्राचे पुस्तक १७९६ साली हार्टफर्ड शहरी छापले गेले. लिहिणारीचे नाव अमेलिया सिमन्स. तिच्याबद्दल फारसे काही ठाऊक नाही, पण मुखपृष्ठावर तिने स्वतःला 'एक अमेरिकन अनाथ' असे म्हटले आहे. पुस्तक पन्नास पानांचेही नाही. त्यात भोपळ्याच्या 'पुडिंग'च्या दोन कृती आहेत. दोन्ही पारीत भाजायच्या, म्हणजे आजच्या पाईच. पहिली सधन घरची : एक क्वार्ट, म्हणजे लिटरहून थोडा कमी, शिजवून गाळलेला भोपळा, त्याला तीन पाइंट साय आणि नऊ अंडी, शिवाय साखर, जायपत्री, जायफळ आणि सुंठ, पाऊण तास भाजावे. दुसरी काटकसरीची : सायीऐवजी क्वार्टभर दूध, पाइंटभर भोपळा, चारच अंडी, साखरेऐवजी काकवी, तास भाजावे. म्हणजे ह्या अनाथ बाईने वेळ लिहून ठेवली. आच लिहिली नाही, कारण ती मोजायचे साधन स्वयंपाकघरात नव्हतेच. फॅरनहाइटने आपले माप १७२४ साली जगापुढे मांडले होते, पण ते विद्वानांच्या मेजावर राहिले. चुलीपर्यंत यायला त्याला आणखी दोनशे वर्षे लागायची होती.

अमेलियाबाईची एक हकीकत वाचून मात्र मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. पुस्तक निघाल्यावर तिला एक निवेदन छापावे लागले. आपले शिक्षण पुस्तक छपाईला तयार करण्याइतके नव्हते, म्हणून ज्या व्यक्तीकडे आपण कृती सोपवल्या तिने मुद्दाम काही जिन्नस गाळले आणि काही भलतेच घुसडले, अशी तिची तक्रार होती. हात तिचा, अनुभव तिचा. पण लेखणी दुसऱ्याची असल्यामुळे फसवणूक झाली. मी सातवी झालेली बाई आहे. हा लेख लिहिताना शब्द अडला की मुलाला विचारावे लागते. तेव्हा सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या परदेशी बाईचे दुःख मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पुढे १८२९ साली लिडिया मारिया चाइल्ड ह्या लेखिकेने काटकसरी गृहिणींसाठी पुस्तक लिहिले. ह्याच बाई पुढे गुलामगिरीविरुद्ध लिहिण्यासाठी प्रसिद्ध झाल्या. घरगुती पाईला एक क्वार्ट दुधाला तीन अंडी पुरतात, पण अंडी जितकी अधिक तितकी पाई चांगली, असे त्यांचे मत. भाजायची वेळ त्यांनी चाळीस ते पन्नास मिनिटे सांगितली, आणि ताटली खोल असेल तर आणखी दहा मिनिटे. ही शेवटची सूचना अनुभवाची आहे. वेळ पदार्थाच्या नावावर ठरत नाही, त्याच्या जाडीवर ठरते, हे त्यात आले.

त्याच सुमारास ह्या पाईला सणाचा मान मिळवून देणारी तिसरी बाई पुढे आली. सारा जोसेफा हेल १८२२ साली विधवा झाल्या तेव्हा पदरी पाच मुले होती. त्यांनी लेखणीवर संसार चालवला. १८२७ च्या त्यांच्या 'नॉर्थवुड' कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या पंगतीचे सविस्तर वर्णन आहे आणि त्यात भोपळ्याच्या पाईला मानाचे स्थान आहे. पुढे १८३७ पासून चाळीस वर्षे त्या 'गोडीज लेडीज बुक' ह्या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिका होत्या. हा सण साऱ्या देशाने एकाच दिवशी पाळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे अग्रलेख लिहिले, गव्हर्नरांना आणि अध्यक्षांना पत्रे पाठवली. अखेर यादवी युद्ध चालू असताना, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन ह्यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९४१ साली कायद्याने तो चौथा गुरुवार झाला. चिटणीसबाई पत्रांवर पत्रे पाठवतात आणि उत्तर येत नाही, तेव्हा आपण हेलबाईंचे स्मरण करावे.

एकोणिसाव्या शतकात विटांची भट्टी गेली आणि बिडाची चूल आली. लाकूड आणि कोळसा कमी लागे, वाकावे कमी लागे, असे तिचे पुष्कळ फायदे. पण भाजण्याच्या दृष्टीने बायकांची जुनी विद्या तिने उलटीपालटी केली. ह्या चुलीत जाळ सतत चालू असतो, म्हणून आच आपोआप उतरत नाही. शिवाय जाळ एका बाजूला, म्हणून पाईची एक कड करपते आणि दुसरी पांढरी राहते. ताटली मध्येच फिरवावी लागते. हवेच्या झडपा उघडून-मिटून आच राखायची. प्रत्येक चुलीचा स्वभाव निराळा. नवी सून सासरी आली की तिला सासूइतकाच त्या चुलीचाही स्वभाव ओळखावा लागत असणार!

पुस्तकांत मग शब्द आले : मंद भट्टी, मध्यम भट्टी, कडक भट्टी. पण एकीचे मध्यम ते दुसरीचे कडक. १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत ॲबी फिशर ह्यांचे पुस्तक निघाले. ह्या बाई दक्षिणेतल्या, गुलामगिरीत जन्मलेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी कृती तोंडी सांगितल्या आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या. पुस्तक छापले ते तेथील स्त्रियांच्या सहकारी छापखान्याने. त्यांच्या रताळ्याच्या पाईच्या कृतीत रताळी दोन पौंड, अंडी पाच, संत्र्याचा रस, अर्धी साल किसून, असे सगळे माप आहे. दक्षिणेत भोपळ्याऐवजी रताळ्याचीच पाई अधिक; कृष्णवर्णीय घरांत आजही तोच मान आहे. पण भाजण्याविषयी एवढेच की 'लवकर भाजावी'. त्या 'लवकर'मध्ये कडक भट्टी आली, उभे आयुष्य आले. पण ज्या वाचकबाईने आयुष्यात भट्टी पाहिली नाही तिला त्यातून काय कळणार?

ह्या गोंधळाला शिस्त लावली ती बॉस्टनच्या पाकशाळेने. ही शाळा १८७९ साली निघाली. फॅनी मेरिट फार्मर सोळा वर्षांच्या असताना आजाराने अंग लुळे पडले आणि शिक्षण सुटले. चालताना त्या पुढेही लंगडत. तिशीच्या सुमारास त्या ह्या शाळेत विद्यार्थिनी झाल्या, नंतर मुख्याध्यापिका. १८९६ साली त्यांचे मोठे पाकशास्त्र निघाले. प्रकाशकाला खपाची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च बाईंनी स्वतः सोसला. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या. 'चमचाभर' म्हणजे काठोकाठ सपाट चमचा, 'कपभर' म्हणजे सपाट कप, हा नियम त्यांनी घरोघरी नेला. आपल्याकडे १९७० साली कमलाबाई ओगले ह्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप देऊन नव्या सुनांना जो धीर दिला, तसेच ते काम होते. दूध-अंड्याच्या कस्टर्ड पाईविषयी फार्मरबाई सांगतात की प्रथम कडक आचेने कड धरू द्यावी, मग आच उतरवावी, कारण दूध आणि अंडे एकत्र असले की त्यांना मंद आच लागते. भोपळ्याची पाई ही ह्याच कुळातली. दोन आचांचे कारण असे शब्दांत आले. आकडे मात्र अजून यायचे होते.

ते १९१५ च्या सुमारास आले. अमेरिकन स्टोव्ह कंपनीने गॅसच्या भट्टीला 'लोरेन' नावाचा नियंत्रक बसवला. धातू तापला की लांबतो आणि निवला की आखडतो, ह्या गुणावर तो चाले. चकती हव्या त्या अंशावर फिरवली की गॅस आपोआप कमीजास्त होई. इंग्लंडमध्ये १९२३ साली 'रेग्युलो' नावाने असेच साधन निघाले. इंग्रजी पुस्तकांत 'गॅस मार्क ४' असे लिहिलेले असते ते त्याचेच. बाईचा हात भट्टीतून बाहेर आला, तो तेव्हा. किती जणींच्या मनगटांवरचे चटके त्या चकतीने वाचवले असतील, त्याची नोंद कुठे नाही.

भोपळा चिरणे, बिया काढणे, शिजवणे, गाळणे हे दिवसभराचे काम डब्यातल्या गराने कमी केले. १९२९ साली लिबी कंपनीने इलिनॉय राज्यातील मॉर्टन गावचा कारखाना घेतला. आज अमेरिकेतल्या डब्यांतला बहुतेक भोपळा त्याच परिसरातून येतो. १९५० पासून डब्याच्या कागदावर पाईची कृती छापली जाऊ लागली. माझ्या पुतणीने पाठवलेली कृती तीच. कृती लिहिणारी बाई कोण, ते डब्यावर नाही.

आता ह्या आकड्यांमागचे शास्त्र थोडक्यात. पारीतले लोणी थंड असते. कडक आच लागली की लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पिठाचे पदर सुटतात. आपल्या चिरोट्याला साट्यामुळे सुटतात तसे. आच मंद असली तर लोणी आधीच वितळून जाते आणि पारी चिवट व ओली राहते. सारणाचे नेमके उलट. अंडे घातलेले दूध सुमारे ८० सेल्सिअस अंशांना घट्ट बसते. त्याहून फार तापले तर अंडे आवळून पाणी सोडते, मध्ये भेगा पडतात. खरवस जास्त उकडला की जाळी पडून पाणी सुटते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणजे एकाच ताटलीत दोन स्वभाव नांदतात. पारीला कडक आच हवी आणि सारणाला ती सोसत नाही. पहिली पंधरा मिनिटे पारीची, पुढची चाळीस-पन्नास सारणाची, अशी ती वाटणी आहे.

मंडळाच्या पाकवर्गात आम्ही ही पाई विजेच्या लहान भट्टीत केली. आपल्याकडच्या भट्टीवर सेल्सिअसचे आकडे असतात, म्हणून ४२५ ऐवजी सुमारे २२० आणि ३५० ऐवजी १७५ ते १८० धरावे. नऊ इंची ताटलीला भोपळ्याचा गर सव्वाचारशे ग्रॅम, साखर पाऊण कप, अंडी दोन, आटवलेले बिनसाखरेचे दूध साडेतीनशे मिलिलिटर, दालचिनीची पूड एक चमचा, सुंठ अर्धा, लवंगेची पूड पाव आणि मीठ अर्धा चमचा. आपल्या भोपळ्याला पाणी फार, म्हणून शिजवलेला गर पंचात बांधून तासभर टांगावा. भट्टी आधी पुरती तापवावी. आच उतरवताना दार उघडू नये. कडेपासून दोन बोटांवर सुरी खुपसून ती स्वच्छ निघाली आणि ताटली हलवली असता मधला भाग जेमतेम थरथरला, की बाहेर काढावी. मधला भाग बाहेरच्या उबेवर बसतो. दोन तास निवू द्यावी आणि मगच कापावी. उरली तर फ्रीजमध्ये ठेवावी, कारण तीत दूध-अंडे आहे. अंडे न खाणाऱ्या भगिनी कॉर्नफ्लॉवर घालतात, पण त्याचा हिशेब निराळा आहे.

आकडे आले म्हणजे हात नको झाला, असे मात्र नाही. त्याच आकड्यावर आमच्या वर्गातली पाई एका बाजूने आधी तांबूस झाली, कारण त्या भट्टीची मागची बाजू जास्त तापते. सुरी खुपसून पाहणे, थरथर ओळखणे हे डोळ्यांचे आणि हाताचेच काम. आकडा आपल्याला दारापर्यंत आणून सोडतो.

एक घरची गोष्ट सांगते. पुतणीने पाई पाठवली आणि बदल्यात माझ्या सासूबाईंच्या घारग्यांची कृती मागितली. सासूबाईंचे घारगे आमच्या सगळ्या गोतावळ्यात नावाजलेले. पण त्यांना कोणी प्रमाण विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले : "मावेल तेवढी कणीक घाल, आच बेताची ठेव." त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. मावेल तेवढी म्हणजे किती आणि बेताची म्हणजे कशी, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. ते कागदावर कोणी उतरवले नाही. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. ॲबी फिशर ह्यांच्यासारखी त्यांच्याजवळ लिहून घेणारी कोणी बसली असती तर आज माझी पुतणी परक्या देशात तेच घारगे तळती. मग मी वाटी घेऊन बसले. चार वेळा करून पाहिले तेव्हा जमले : किसलेला भोपळा एक वाटी, गूळ पाऊण वाटी, तूप एक चमचा, शिजवून निवल्यावर तांदळाची पिठी दोन चमचे आणि कणीक पावणेदोन वाट्या. तेल मध्यम तापवावे. पिठाची गोळी टाकली की ती सावकाश वर आली पाहिजे. झटकन आली तर घारगे वरून काळे आणि आतून कच्चे राहतात. सासूबाईंचे तंतोतंत हेच, असा माझा दावा नाही. पण घरात ज्यांनी त्यांच्या हातचे खाल्ले आहेत त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. आपण एक जाड वही करावी. प्रत्येक सभासद भगिनीने घरातल्या वडील बाईजवळ बसून, वाटी आणि घड्याळ हाताशी ठेवून, एक पदार्थ नीट मापाने लिहून आणावा. माप, आच, वेळ, आणि आच ओळखायची खूणही. जिला लिहिता येत नाही तिचे दुसरीने उतरवून घ्यावे आणि पूर्ण झाल्यावर तिला वाचून दाखवावे, म्हणजे अमेलियाबाईसारखी कोणाची फसवणूक होणार नाही. आणि प्रत्येक कृतीखाली करणारीचे नाव न विसरता घालावे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत अशा पन्नास कृती जमल्या तर स्मरणिकेची पाने त्यांना कमी पडतील. पहिली कृती म्हणून सासूबाईंच्या नावाने घारगे मी लिहून ठेवले आहेत. वही आली की त्यात उतरवीन.